सात मेलेली भोकं

बहिणीच्या घराची पायरी चिमटेबाई अकरा वर्षं चढली नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुढची अकरा वर्षंही चढली नसती. पण आईने फोनवर रडायला सुरुवात केली. आई धाकटीकडे राहायची. तिचं रडणं म्हणजे सोडलेला नळ, कुणीतरी उठून बंद केल्याशिवाय थांबायचं नाही. "आता पुरे गं," आई म्हणाली. "जावईबापू संचालक होणार पुढच्या आठवड्यात. धाकटीने स्वतः सांगितलंय, ताईला बोलाव म्हणून. झालं गेलं सोडून दे."

झालं गेलं! जसं काही कुणाच्या हातून कपबशी फुटली होती. चिमटेबाई दात आवळून गप्प उभी राहिली, कारण तोंड उघडलं असतं तर म्हातारीला दोन दिवस जेवण गेलं नसतं. मग म्हणाली, "रविवारी येते. चहापुरती."

चिमटेबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेत काम करायची तेव्हा तिच्या खिशात कायम वडिलांचा चिमटा असायचा. वडील घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग श्वास रोखून कशी उचलायची ते त्यांनी पोरीला शाळेत असतानाच शिकवलं होतं. शिवाय बोलतानाही ती चिमटे काढायचीच, त्यामुळे नाव दोन्हीकडून चिकटलं. घरात मात्र ती ताई.

आणि काम तरी कसलं? नखाएवढी चिप. तिच्यावर दिसेल न दिसेल असा पातळ पडदा ताणून बसवायचा. त्या पडद्यात एक हजार चोवीस भोकं, बत्तीस ओळी आणि दर ओळीत बत्तीस. भोक किती बारीक? तर डीएनएचा एक धागा जाईल एवढंच, दुसरा शेजारून घुसू म्हणाला तर नाही. पडद्याच्या दोन्ही अंगांना खारट पाणी, आणि प्रत्येक भोकाखाली त्याची स्वतःची तार. वीज सोडली की पाण्यातून अगदी किंचित प्रवाह वाहतो. धागा भोकातून सरकायला लागला की वाट अडते आणि प्रवाह खाली येतो, आणि कुठलं अक्षर अडलंय त्याप्रमाणे कमी-जास्त खाली येतो. हजार भोकांवर हजार धागे एकाच वेळी आपापलं सांगत असतात आणि यंत्र सगळ्यांचं लिहून घेतं. दारात ज्या बायका एकाच वेळी बोलतात आणि तरी एकमेकींचं सगळं ऐकतात, त्यांना हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही.

कधी एखादं भोक तुंबायचं. बाकीचे लोक मग वीज वाढवायचे, ढकल म्हणायचे, आणि पडदा फाटायचा. चिमटेबाईने शोधून काढलं की फक्त त्या एका भोकाला अर्धा सेकंद उलटी वीज द्यायची, अडकलेलं बाहेर येतं. तिने त्याला नाव ठेवलं 'ढेकर'. सगळी प्रयोगशाळा हसली, आणि मग सगळी प्रयोगशाळा तोच शब्द वापरायला लागली.

तर अशी ही बाई. आणि तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्याहून वरच्या पदावर, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरात सगळे त्याला जावईबापू म्हणायचे. बोलायला गोड, दिसायला रुबाबदार, आणि चिमटा हातात धरायचा तो कलथा धरल्यासारखा. पण सांभाळून घेतला तिने. घरचा माणूस ना!

अकरा वर्षांपूर्वी काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी गोंधळणार नाही. त्या सकाळी चिमटेबाईने एक चिप बसवली होती, जन्मात बसली नव्हती अशी. प्रत्येक चिपमध्ये काही भोकं मेलेली निघतात, पन्नास-साठ तर कुठेच गेली नाहीत. म्हणून चिप तयार झाली की तिचा नकाशा छापायचा, चालू भोकं रंगीत आणि मेलेली काळी. या चिपमध्ये काळी निघाली सात. अहो, सात! तीन खालच्या डाव्या कोपऱ्यात तिरकी एकापाठी एक, जिथे शेवटच्या क्षणी तिचा चिमटा ओझरता लागला होता. दोन मधोमध जुळ्यासारखी चिकटून. एक वर उजव्या कडेला. आणि एक अकराव्या ओळीत, एकटंच. वडिलांना दाखवायला म्हणून तिने नकाशाची दुसरी प्रत काढून आपल्या खासगी वहीत चिकटवली, खाली वेळ लिहिली, साडेनऊ.

ती चिप एका शाळेतल्या बाईंच्या तपासणीसाठी होती. बाईंच्या घरात आई आणि आत्या एकाच रोगाने गेलेल्या, तो दोष आपल्यातही उतरलाय का, एवढंच बाईंना पाहायचं होतं. वय एकतीस.

आणि नेमका तेव्हाच फोन आला, धाकटीला कळा सुरू झाल्या. चिमटेबाई हातमोजे काढत उठली तर जावईबापू म्हणाले, "ताई, तुम्ही व्हा पुढे. मला एक अहवाल संपवून निघायचंय. चिप मी घालतो यंत्रात, तुम्ही सही तेवढी करून जा." नोंदवहीत दोन रकाने असायचे. एक, नवी चिप घातली. दोन, घातल्यावर यंत्रावर नकाशा पाहिला. दुसरा रकाना चिमटेबाईनेच सुरू करायला लावला होता, भांडून. दोन्हीपुढे सही ठोकून ती पळाली.

पुढे काही महिन्यांनी उघड झालं ते असं. बाईंना कळवण्यात आलं की दोष आहे. बाईंनी शस्त्रक्रिया करून घेतली, गर्भाशय आणि त्याच्यासोबतचं सगळं काढून टाकलं. नंतर दुसरीकडे तपासलं तर दोष नव्हताच. चौकशीत निघालं की यंत्रात नवी चिप नव्हतीच, आदल्या दिवशीची वापरलेली, धुतलेली चिप होती. नमुन्यांना खुणा लावून एकत्र टाकतात, म्हणजे एकाच चिपमध्ये कितीतरी माणसं वाचता येतात. आदल्या दिवशी तीच खूण दुसऱ्या एका रुग्णाला लावलेली होती. चिप नीट धुतली गेली नाही, त्या रुग्णाचे उरलेले धागे बाईंच्या नावावर वाचले गेले.

सही कुणाची? चिमटेबाईची. "चिप भावोजींनी घातली," ती जीव तोडून सांगत होती, पण नवी चिप गेली कुठे ते तिला दाखवता येत नव्हतं. जावईबापूंनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ताईंचं वाईट वाटतं मला. बहिणीच्या काळजीत त्यांच्या हातून झालं असेल. मी त्या दिवशी यंत्राच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही, दिवसभर अहवाल लिहीत होतो." चौकशी करणाऱ्या मोठ्या साहेबांना ते पटलं. धाकटीला पटलं. आणि सगळ्यात वाईट, वडिलांना पटलं. "चिमटा हातात असताना मन दुसरीकडे नसावं," एवढंच ते म्हणाले, आणि तिसऱ्या वर्षी गेले ते तेच मनात धरून गेले.

नोकरी गेली. बाजाराच्या गल्लीत एक खिडकीएवढं दुकान घेऊन ती बहिऱ्यांची श्रवणयंत्रं दुरुस्त करायला बसली. त्या शाळेतल्या बाई एकदाच तिथे आल्या होत्या, काउंटरला हात लावून म्हणाल्या, "तुझे हात झडतील," आणि गेल्या. त्या शब्दावर चिमटेबाईने अकरा वर्षं काढली. रोज दुकान उघडताना तिच्या मनात एकच, की तो माणूस चारचौघांत तोंडावर आपटलेला बघायचा. कधी तिने मनातल्या मनात त्याला जिन्यावरून ढकललं, कधी त्याच्या गाडीच्या टाकीत साखर ओतली, कधी भर सभेत कानाखाली काढली. याला न्याय वगैरे भारी नाव द्यायचं कारण नाही. सूडच होता तो, चांगला मुरलेला.

रविवारी धाकटीने दार उघडलं. धाकटीचे केस पांढरे झाले होते आणि तिने ते लपवले नव्हते. "ये ना ताई," ती म्हणाली, आणि पटकन बाजूला झाली.

आत सोफा, पडदे, आई, चहाचा ट्रे, बिस्किटं. अकरा वर्षांची भाची येऊन "हॅलो मावशी" म्हणून आपल्या खोलीत पळाली. जावईबापू उठून उभे राहिले, हात पुढे करून, जसं काही काहीच नाही. "ताई! किती बरं वाटलं!"

आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर ते चित्र होतं.

चांगलं दरवाजाच्या फळीएवढं. सोनेरी चौकट, काच, आणि आत बत्तीस गुणिले बत्तीस रंगीत चौकोन. खालच्या डाव्या कोपऱ्यात तीन काळे, तिरके, एकापाठी एक.

चिमटेबाईने ट्रेमधला कप उचलला आणि कपाआडून बघत राहिली. मधोमध दोन, जुळे. वर उजवीकडे एक. तिने अकरावी ओळ वरून मोजली, हळू, ओठ न हलवता. होतं. एकटंच.

"आवडलं ना?" धाकटी म्हणाली. "मी करून घेतलंय, ह्यांना संचालकपदाची भेट. जुना कॉम्प्युटर देऊन टाकायचा होता, त्यात ह्यांचा तो पहिला मोठा प्रयोग सापडला, शहाण्णव जणांचे नमुने एकाच चिपवर. आणि तारीख बघ! पिल्लूचा वाढदिवस! म्हटलं, काय हा योगायोग. तारीख-वेळ सोन्यात लिहून घेतली खाली."

सोन्यात लिहिली होती. दिवस, महिना, वर्ष, आणि दहा वाजून बावन्न मिनिटं.

आता कळलं ना? नवी चिप उचलून ह्या गृहस्थाने दुसऱ्या यंत्रात घातली, स्वतःच्या प्रयोगाला. बायको तिकडे विव्हळतेय, हा इकडे नाव कमावतोय. आणि शाळेतल्या बाईंच्या नमुन्याला कालची उष्टी चिप. त्याच्या त्या गाजलेल्या लेखात फक्त आलेख छापले होते, नकाशा नव्हता, तारीखही नव्हती. भोकांकडे बघून चिप ओळखणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते ह्या घरात येत नव्हतं. चोरीचा माल बायकोनेच मढवून भिंतीवर टांगला, आणि हा त्याच्याखाली बसून रोज पेपर वाचत होता! त्याला त्यात फक्त आपली हुशारी दिसत होती. सात काळे ठिपके त्याच्या लेखी सात काळे ठिपके होते.

चिमटेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हाताला सवय होती. तिने बिस्कीट उचललं, चहात बुडवलं, मोडू न देता तोंडात टाकलं.

"छानच आहे," ती म्हणाली. "चिप कुणाच्या हातची हो, भावोजी?"

"माझीच की." जावईबापू मागे रेलले. "पडदा मी बसवला, यंत्रात मीच घातली. फक्त सात मेलेली, ताई! तुम्हाला कळेल त्यातली गंमत, या लोकांना काय!"

"सात?" ती म्हणाली. "काय सांगता!"

"मोजून बघा."

"नको, तुमच्यावर विश्वास आहे." ती हसली. आईने सुटकेचा श्वास सोडला, तिला वाटलं पोरी जुळल्या. "एक सांगू का? हे घरात ठेवण्यासारखं नाही. समारंभाच्या दिवशी मंचावर लावा. आणि त्यावर सही करा, खाली, तारखेशेजारी. लोकांना कळू दे चिप कुणी घातली ते."

जावईबापूंची छाती दोन बोटं फुगली. धाकटीने लगेच मार्कर शोधून आणला. काचेवर झोकदार सही झाली, आणि "मग मी एक फोटो काढू का, दुकानात दाखवायला?" म्हणून चिमटेबाईने फोटोही काढला.

घरी येऊन तिने ट्रंकेतून वही काढली. डिंक पिवळा पडला होता, पण नकाशा जागच्या जागी होता. तिने तो फोटोशेजारी ठेवला आणि मोठ्याने हसली, एकटीच, शेजारीण भिंतीवर टकटक करेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती बाईंकडे गेली. सोपं नव्हतं ते. बाई एका कागद-पेन्सिलींच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायच्या. दार साखळी न काढता उघडलं गेलं, आणि फटीतल्या डोळ्यांनी तिला ओळखलं.

"हात आहेत अजून," बाई म्हणाल्या.

"आहेत. त्यांनीच वही आणलीये. पाच मिनिटं बघा, मग जिन्यावरून ढकलून द्या."

साखळी निघायला बराच वेळ लागला. टेबलावर वह्यांचे गठ्ठे होते, तपासायचे. चिमटेबाईने नकाशा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. भोकं काय, मेलेली कशी होतात, दोन चिपांची मेलेली भोकं कधीच जुळत नाहीत, यंत्रात घातल्यावर नकाशा बघायला दहा सेकंद लागतात, सगळं. बाईंनी लाल पेन घेतलं आणि वहीतल्या एकेका काळ्या चौकोनापुढे बारीक खूण केली, फोटोत बघायची, खूण करायची. सात खुणा झाल्या. मग त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

"तारीख सोन्यात का लिहिलीये?" त्यांनी विचारलं.

चिमटेबाईने ह्या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. "त्या दिवशी माझी भाची झाली," ती म्हणाली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. खाली दुकानात कुणीतरी पट्टी मागत होतं, तीस सेंटिमीटरची, पारदर्शक. ते गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं तोवर बाईंनी वह्यांचे गठ्ठे बाजूला सरकवले होते.

"समारंभ किती वाजता?" मग त्यांनी विचारलं.

सभागृह भरलं होतं. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, माइकची शिट्टी. मंचावर मधोमध ते चित्र, तिवईवर. पहिल्या रांगेत निवृत्त मोठे साहेब बसले होते, दोन्ही कानांत यंत्रं. चौकशीच्या वेळी कान धडधाकट असूनही त्यांनी चिमटेबाईचं काही ऐकलं नव्हतं. आता त्यांची यंत्रं तिच्याच दुकानातून साफ होऊन जायची, नोकराच्या हाती, आणि या आठवड्यात तिने आवाज दोन घरं चढवून दिला होता. शेजारी धाकटी आणि आई. चिमटेबाई तिसऱ्या रांगेत, बाई तिच्या बाजूला, मांडीवर पर्स.

जावईबापू बोलायला उभे राहिले आणि पंधरा मिनिटं बोलले. हजार धागे एकदम ऐकायचे म्हणजे काय, मी कसा रात्रंदिवस खपलो, माझं हे, माझं ते. "भोक तुंबलं की त्याला उलटी वीज द्यायची," ते म्हणाले, "म्हणजे भोक ढेकर देतं! हा शब्द माझा बरं का." लोक हसले. चिमटेबाईने खिशातला चिमटा एवढा घट्ट दाबला की तळव्यावर वळ उमटला.

"आणि हे बघा." त्यांनी चित्राकडे हात केला. "ही चिप मी ह्या हातांनी यंत्रात घातली. दहा बावन्नला. त्याच दिवशी, काही मिनिटांनी, मी बाप झालो!"

टाळ्या. टाळ्या थांबत आल्या आणि बाई उभ्या राहिल्या. वर्गात उभं राहायची सवय असलेलं माणूस उभं राहिलं की सगळे आपोआप गप्प होतात.

"एक शंका आहे," बाई म्हणाल्या. "दहा बावन्नला तुम्ही यंत्राच्या खोलीत होतात?"

"होतो ना! म्हणून तर—"

"चौकशीत तुम्ही लिहून दिलंत की त्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं नाही. शेजारच्या यंत्रात त्या सकाळी माझं रक्त होतं."

जावईबापूंनी त्यांना आत्ता ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण खालून सगळं निघून गेलं. बाई सरळ चालत पुढे गेल्या आणि वही मोठ्या साहेबांच्या हातात दिली. "ही माझ्यासाठी बनवलेल्या चिपचा नकाशा. मोजा."

म्हातारा उठला. वही धरून चित्रासमोर उभा राहिला, नाक काचेला लागेल एवढा जवळ, आणि बोटाने मोजायला लागला. तीन. पाच. सहा. बोट अकराव्या ओळीवर फिरलं आणि थांबलं.

"ही तीच चिप आहे," मोठे साहेब म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने. "मग बाईंना कुठली घातलीस तू?"

"अहो साहेब, जुनी चिप त्या काळी सगळेच वापरायचे!" जावईबापूंचा आवाज चिरकला. "आणि मी काय तशीच घातली का? तीनदा धुतली होती मी ती!"

माइक चालू होता. "तीनदा धुतली होती मी ती" सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून परत आलं.

अकरा वर्षं! अकरा वर्षं चिमटेबाई ह्या क्षणासाठी भुकेली होती, आणि आता तो ताटात पडला होता. तिने तो चवीने खाल्ला, खोटं कशाला बोला. त्याच्या कपाळावरचा घाम बघितला, मागे सरकताना तिवईला लागलेला धक्का बघितला, लोकांनी एकमेकांकडे फिरवलेल्या माना बघितल्या. पोट भरून बघितलं.

मग धाकटी बोलली, बसल्या जागेवरून. "तुम्ही मला सांगितलं होतंत," ती नवऱ्याला म्हणाली, "की पेशंटचा अहवाल अर्धवट सोडून निघता येत नाही. मी विचारत होते तिथे, सारखी विचारत होते, अजून आले का. ताई माझा हात धरून बसली होती." आणि तिने आईला उठवलं, पर्स उचलली. ताईपाशी येऊन थांबली.

इथे संपायला हवं होतं, निदान चिमटेबाईच्या हिशोबाने. ती उठलीही, बाईंकडे निघाली, आता बाई हात हातात घेतील, हात झडण्याचं ते वाक्य मागे घेतील, असं काहीतरी तिच्या मनात होतं. बाई पहिल्या रांगेपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या.

"नोंदवहीत दोन रकाने होते," त्या म्हणाल्या. "चौकशीचे कागद माझ्याकडे आहेत, मला पाठ आहेत ते. चिप घातली. घातल्यावर नकाशा पाहिला. दोन्हीपुढे सही तुमची."

"हो."

"पाहिला होतात?"

चिमटेबाईला वाटलं, सांगावं की मी तपासली होती ती चिप साडेनऊला. अकरा वर्षं ती सगळ्यांना तेच सांगत आली होती, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. समोर बाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, पाढा चुकलेल्या मुलासमोर उभ्या राहतात तशा, न चिडता.

"नाही पाहिला," ती म्हणाली. "बहीण अडली होती. भावोजी घरचे होते. न बघता सही केली."

"दहा सेकंद लागतात म्हणालात."

"दहा सेकंद. चिप आत जाईपर्यंत थांबून बघितलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. वडील म्हणाले होते ते. मन दुसरीकडे होतं माझं." ती रडली नाही, इथे रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं. धाकटी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.

बाईंनी पर्समधून रेघांचा कागद काढला आणि लाल पेन. "लिहून द्या. त्यांनी काय केलं ते लिहा. तुम्ही काय केलं नाही तेही लिहा. एकाच कागदावर."

चिमटेबाईने खुर्चीवर कागद ठेवला, स्वतः खाली गुडघ्यांवर बसली आणि लिहिलं. चिप कुणी बनवली, कुणासाठी, कुणी काढून घेतली. मग खाली, मी नकाशा न पाहता सही केली. बाई वरून वाचत होत्या.

"कितीला निघालात?"

"पावणेदहाला."

"लिहा. माझी तपासणी कधी सुरू झाली?"

"अकराला."

"लिहा."

"आणि भाची सव्वाअकराला," चिमटेबाई म्हणाली, आणि लिहित्या हाताने तेही लिहून टाकलं, कारण आता काहीच मागे ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मंचाच्या कडेला जावईबापू कुणाला तरी काहीतरी समजावत होते, आणि तो माणूस ऐकत नव्हता.

"ती ओळ खोडा," बाई म्हणाल्या. "त्या पोरीचं यात काही नाही."

चिमटेबाईने ओळ खोडली. मग तिने कागद वरून खालपर्यंत वाचला, एकेक शब्द, आणि सही केली.